२७ जून २०२२ ला शाळा सुरू व्हायच्या आधी काय करायचं? दोन वर्षं घरात वाढलेलं मूल बालवाडीत पाठवणाऱ्या नागपूरकर आईबाबांसाठी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा जी मुलं वर्ष-दीड वर्षाची होती, ती २०२२ च्या मे महिन्यात सव्वातीन-पावणेचार वर्षांची झाली होती. बालवाडी त्यांनी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नव्हती. काहींनी तर धड लग्नाची पंगतही पाहिली नव्हती. आईबाबा, आजी-आबा, एखादं भावंडं आणि मोबाइल, एवढंच त्यांचं जग.

नागपुरात मी एक छोटी बालवाडी चालवते. जानेवारी २०२२ च्या शेवटी सरकारने पूर्वप्राथमिक वर्गांना परवानगी दिली आणि शेवटचा निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपर्यंत जे थोडे दिवस मिळाले, तेवढ्यात पुष्कळ दिसलं. पालक सगळे एकच प्रश्न विचारत होते, "ताई, हा मागे पडला का?" अक्षरांत कोणीच मागे पडलेलं नव्हतं. बऱ्याच मुलांना ए टू झेड पाठ होतं. पण डबा उघडता येत नव्हता, दुसऱ्याच्या हातातली वस्तू मागून घेता येत नव्हती, आई फाटकाच्या बाहेर गेली की मुलं श्वास कोंडेपर्यंत रडत होती.

२ एप्रिल २०२२ पासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. विदर्भातलं ऊन लक्षात घेऊन आपल्याकडे त्या वर्षी शाळा जूनच्या चौथ्या सोमवारी, म्हणजे २७ तारखेला सुरू व्हायच्या होत्या. बाकी महाराष्ट्राच्या दोन आठवडे नंतर. हाताशी आलेला हा वेळ वह्या भरण्यात घालवू नका. तो कसा वापरायचा ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. वय मोजा, वर्ग मग ठरवा

महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला धरतात. त्या तारखेला ३ वर्षं पूर्ण होत असतील तर प्लेग्रुप किंवा नर्सरी, ६ पूर्ण होत असतील तर पहिली. मधली दोन वर्षं केजीची.

अडचण होते ती पाच वर्षांच्या मुलांची. ती बालवाडीत गेलेलीच नाहीत आणि "दोन वर्षं वाया गेली" म्हणून आईबाबांना ती भरून काढायची घाई झालेली असते. काही जण पहिलीसाठी खटपट करतात. करू नका. वय बसत असेल तर एक वर्ष केजी-२ मध्ये खेळू द्या, त्यात त्याचं काही जात नाही. पुढची कित्येक वर्षं ते बाकांवरच बसणार आहे.

वयाने पहिलीत जाणारच असेल आणि आधी कुठेच गेलेलं नसेल, तर जवळच्या सरकारी शाळेत 'शाळापूर्व तयारी मेळावा' कधी आहे ते विचारा. २०२२ मध्ये राज्यभर 'पहिले पाऊल' नावाने हा कार्यक्रम सुरू झाला. त्या वर्षी एक फेरी एप्रिलमध्ये झाली, दुसरी शाळा सुरू होताना होती. वेगवेगळ्या टेबलांवर मूल उड्या मारतं, वस्तू लावतं, चित्रावर बोलतं, आणि घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगतात. पैसे लागत नाहीत.

अंगणवाडीला नाक मुरडू नका. ३ ते ६ वयाला ती मोफत आहे, घराजवळ आहे आणि सेविका ताईंना वस्तीतलं प्रत्येक मूल नावाने ठाऊक असतं. महिना हजारो रुपये घेणाऱ्या काही ठिकाणांपेक्षा चांगल्या चालणाऱ्या अंगणवाड्या मी पाहिल्या आहेत. वाईट चालणाऱ्याही पाहिल्या आहेत. तुमच्या गल्लीतली स्वतः जाऊन बघा.

२. कागदपत्रं मे महिन्यातच काढून ठेवा

प्रत्येक ठिकाणची यादी थोडी वेगळी असते, पण एवढं हाताशी असलं की बहुतेक भागतं:

- जन्माचा दाखला, मुलाच्या नावासह
- मुलाचं आधार, आईबाबांचं आधार
- राहत्या घराचा पुरावा (वीजबिल, भाडेकरार, रेशनकार्ड)
- लसीकरणाचं कार्ड
- मुलाचे आणि न्यायला-आणायला येणाऱ्या सगळ्यांचे पासपोर्ट फोटो
- जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला (लागत असेल तर)

पहिली मेख जन्माच्या दाखल्यात असते. दवाखान्यातून नोंद झाली, पण नावाची जागा कोरीच राहिली, असे दाखले पुष्कळ घरांत आहेत. बारसं लांबलं, मग लॉकडाऊन लागला, मग राहूनच गेलं. नोंदणीनंतर वर्षभरात नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. जन्म महापालिकेच्या हद्दीत झाला असेल तर आपल्या झोन कार्यालयात चौकशी करा. जन्म माहेरी झाला असेल तर दाखला तिथलाच लागतो. अकोल्यात झालेल्या जन्माचा दाखला धरमपेठ झोनमध्ये मिळत नाही. हे जूनच्या शेवटच्या आठवड्यात कळलं तर धावपळ ठरलेली. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि दाखल्यावर एकच आहे ना, तेही आत्ताच ताडून घ्या.

आधार लहानपणी काढलेलं असेल तर ते निळं, बोटांचे ठसे नसलेलं असतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे देऊन ते अद्ययावत करायचं असतं.

आता लसीकरणाचं कार्ड उघडा. कोरोनाच्या दोन वर्षांत दवाखान्यात जायच्या भीतीने नेहमीच्या लसी राहून गेल्या, असं बऱ्याच कार्डांवर दिसतं. विशेषतः १६ ते २४ महिन्यांतल्या गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटी-पोलिओचा बूस्टर. ५ ते ६ वयाचा डीपीटीचा दुसरा बूस्टर तर कित्येकांना माहीतच नसतो. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात या लसी मोफत आहेत. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात टोचून तापलेलं मूल पाठवण्यापेक्षा आत्ताच उरकून घ्या.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत अर्ज भरला असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२२ ची सोडत मार्चअखेर झाली. मोबाइलवर मेसेज येईल म्हणून बसून राहू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा. मेसेज न आल्याने जागा गेल्याचं दरवर्षी ऐकू येतं.

३. बालवाडी बघायला जा, माहितीपत्रक वाचून ठरवू नका

खासगी नर्सरी-प्लेग्रुपवर मोठ्या शाळांसारखी घट्ट सरकारी देखरेख नाही. त्यामुळे तपासणी तुम्हालाच करायची आहे. मे महिन्यात मुलं नसतात, तरी खोली उघडून दाखवायला सांगा. दाखवायला कां-कूं करत असतील तर तिथून निघा.

आत गेल्यावर आधी खिडक्या बघा. सजावट नंतर. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, विशेषतः बंद खोलीत. त्यामुळे दारात सॅनिटायझरची बाटली किती मोठी आहे याला फारसं महत्त्व नाही. रोज फवारणी करतो, असं कोणी अभिमानाने सांगितलं तर ऐकून घ्या आणि विचारा, खिडकी उघडते का? रंगवलेल्या, खिळे मारलेल्या, पडदे लावून कायमच्या बंद केलेल्या खिडक्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता मी स्वतः कडी काढून बघते.

नागपुरात याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओढून आत टाकतो. ती निघून जायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. म्हणजे नीट लावलेला आपला साधा पत्र्याचा कूलर वर्गातली हवा सारखी बदलत राहतो. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवतो, खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला कूलरही तेच करतो. "आमच्याकडे पूर्ण एसी आहे" ही जाहिरात वाचून भुलणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. जूनअखेरपर्यंत आपल्याकडे उकाडा असतोच, म्हणून कूलर कसा लावलाय हे विचारणं वायफळ नाही.

तो मुलांच्या हाताला लागतो का तेही बघा. लोखंडी पत्रा, ओली फरशी, अनवाणी मूल आणि नसलेलं अर्थिंग. कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. कूलर जाळीच्या आड किंवा खिडकीबाहेर असावा आणि पाणी मुलं यायच्या आधी, प्लग काढून भरलेलं असावं.

मग संडास. मुलाच्या उंचीचं भांडं आहे का, नळाला हात पोचतो का, साबण आहे का, दाराला आतून कडी आहे का (नसलेली बरी). फाटक मुलाला उघडता येतं का. खेळायला माती किंवा वाळू आहे का. नुसतं हिरवं प्लास्टिकचं गवत असेल तर उन्हात ते पाय भाजण्याइतकं तापतं, हात लावून बघा.

विचारायचे प्रश्न:

- एका ताईकडे किती मुलं? तीन-चार वर्षांची पंचवीस मुलं एकाच ताईकडे दिली असतील तर ती ताई कितीही गुणी असो, तिचा दिवस फक्त मुलं मोजण्यात जाणार.
- ताई, मदतनीस, व्हॅनवाले काका, सगळ्यांचे कोरोना लसीचे दोन्ही डोस झालेत का? २०२२ च्या मे महिन्यात १२ वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण सुरू झालेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्याभोवतीच्या मोठ्यांनी लस घेतलेली असणं हाच त्यांचा आडोसा आहे. हा प्रश्न घरातल्या आजी-आबांनाही लागू आहे.
- मूल आजारी असेल तर काय नियम? "औषध देऊन पाठवा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.
- पहिल्या आठवड्यात आईला आत बसू देता का?
- पुन्हा बंद करावं लागलं तर फीचं काय? हे कागदावर लिहून मागा. तोंडी दिलेला शब्द दुसऱ्या लाटेत कुठे गेला ते पुष्कळ पालकांनी पाहिलं आहे.

मास्कबद्दलही विचारा, पण उलट बाजूने. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क लावू नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्याच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. कोणी तीन वर्षांच्या लेकराला तीन तास मास्क सक्तीचा करत असेल तर त्यांनी सूचना वाचलेल्या नाहीत.

४. मे महिन्याचं घरचं वेळापत्रक

आता खरं काम. बालवाडीची तयारी उन्हाळ्यातल्या रोजच्या घरकामातून जितकी होते तितकी कुठल्याच शिबिरातून होत नाही, हे माझं ठाम मत आहे. नागपूरचं ऊनच वेळापत्रक लावून देतं. पहाट तुमची, संध्याकाळ तुमची, मधला वेळ घरात.

पहाटे साडेपाच ते आठ. कोरोनाच्या दोन वर्षांत मुलं रात्री बारापर्यंत जागी आणि सकाळी दहाला उठलेली, अशी सवय लागली आहे. बालवाडी सकाळी भरते. आठवड्याला अर्धा तास या बेताने झोप मागे आणा. या वयाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, म्हणजे रात्री साडेनऊला दिवा बंद. सगळ्या घराचा बंद, बाबांच्या मोबाइलसकट.

सकाळी उठवायला कारण हवं. सगळ्यात चांगलं कारण गच्चीवर आहे: वाळवण. कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुंगवड्या, खारोड्या, तुमच्याकडे जे होत असेल ते. ऊन चढायच्या आत सगळं घालून खाली यायचं असतं, त्यामुळे कामाला आपोआप शेवट असतो. मुलाला एक छोटी ताटली आणि मुंगवड्यांचं थोडं पीठ द्या. वाकड्यातिकड्या वड्या पडतील, पडू द्या. चिमटीत पीठ धरून ते ठरल्या जागी सोडायचं, यात पेन्सिल धरणाऱ्या बोटांचा सगळा व्यायाम आहे. ओळीत मांडताना मोजणं आलं. दुसऱ्याची वडी न मोडता पलीकडे जाणं आलं. चुलत भावंडं किंवा शेजारची दोन पोरं सोबत असली तर वाट बघणंही आलं. दोन वर्षांत नेमकं हेच राहून गेलंय. आणि कावळे हाकलायची जबाबदारी कोणाला तरी द्यावीच लागते, तीन वर्षांच्या माणसाला ती फार आवडते.

गच्चीवर जायचं नसेल तेव्हा सेमिनरी हिल्सकडे किंवा जवळच्या बागेत फिरायला जा. महाराजबागेत प्राणी सकाळीच जागे दिसतात, दुपारी तेही सावली धरून पडलेले असतात. कुठेही जायच्या आधी वेळ आणि वार विचारून घ्या, सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात.

अकरा ते पाच. बाहेर नाही. "पाच मिनिटं कोपऱ्यावर" हेसुद्धा नाही. पारा ४५ च्या वर असताना लहान अंग फार लवकर तापतं. उभ्या गाडीत तर मुलाला क्षणभरही सोडू नका. मूल तहान लागली असं सांगत नाही, ते चिडचिडं होतं. म्हणून मागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं, बेलाचं सरबत, आंबील द्या. टरबूज आणि डांगर (खरबूज) घरी कापून द्या, गाड्यावरचं कापून ठेवलेलं नको. खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, फक्त त्या भरवशावर पाणी कमी देऊ नका. घरात ओआरएसची पुडी असू द्या. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी कमी किंवा गडद पिवळी झाली, अंग तापलंय पण घाम नाही, मूल सुस्त पडलंय किंवा उलट्या होताहेत, तर ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत थेट दवाखान्यात. इथे घरगुती उपाय करत बसू नका.

घरच्या कूलरचंही तेच, वर लिहिलेलं सगळं. शिवाय आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या भिंती घासा. डेंगूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. २०२१ च्या पावसाळ्यात नागपुरात डेंगूने किती घरं हैराण केली ते विसरू नका.

दुपारी खेळ कोणते? महागडं काही आणू नका. चिंचोके, कंचे (तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर नको, गिळतात), रिकामे डबे, आजीचं जुनं लुगडं. फरशीवर खडूने बिल्लस आखा. चंगाअष्टा मांडा आणि मुलाला एका मोठ्या माणसाच्या जोडीला बसवा. हरल्यावर त्याने पट उधळला तरी चालेल, पण पुढचा डाव उद्या, हे एकदाच सांगायचं आणि पाळायचं. हरणं घरात शिकलेलं मूल वर्गात चावत नाही. हे मी अनुभवाने लिहिते आहे, हाताला खुणा आहेत.

आजी-आबा घरात असतील तर दुपारची एक गोष्ट त्यांच्याकडे लावून द्या. पुस्तक नसलं तरी चालतं. तीच गोष्ट आठवडाभर सांगा, मूल मध्ये मध्ये शब्द घालू लागेल. मोबाइल एका तासाच्या आत. जागतिक आरोग्य संघटनाही दोन ते चार वयाला हीच मर्यादा सांगते. एकदम बंद कराल तर घरात युद्ध होईल. आधी जेवतानाचा काढा. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात आहे.

संध्याकाळी सहानंतर. आता गर्दीची ओळख. थोडी थोडी. पहिल्यांदा शेजारचं एक मूल, मग तीन-चार मुलांची बाग, मग एखादी सफर. मेट्रो यासाठी छान आहे. लोकमान्यनगरवरून बसा, सुभाषनगरच्या पुढे अंबाझरी तलाव दिसतो, सीताबर्डीला उतरून परत या. तिकिटाची रांग, दार उघडायची वाट, अनोळखी माणसाच्या शेजारी बसणं, सगळं होतं आणि खर्च फार नाही. डबा बंद असतो, म्हणून मोठ्यांनी तिथे मास्क लावलेला बरा, नियम असो नसो.

कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम या वयाला सगळ्यात जास्त आवडतं, खऱ्या इंजिनाला हात लावायला मिळतो. रामन विज्ञान केंद्र चांगलं आहे, पण तारांगणातल्या अंधाराला चार वर्षांखालची मुलं घाबरतात. अजब बंगल्यातले पेंढा भरलेले प्राणी काहींना आवडतात, काही जण रात्री झोपत नाहीत, आपल्या लेकराचा स्वभाव बघून ठरवा. गोरेवाड्याची सफारी पावसाळ्यानंतर ठेवा, या उन्हात प्राणीही समोर येत नाहीत आणि मूल बसमध्ये कंटाळतं.

नवतपा लागला की, म्हणजे साधारण २५ मेनंतरचे नऊ दिवस, संध्याकाळच्या सफरीसुद्धा बंद. सातलाही रस्ता भाजत असतो.

५. आईशिवाय राहायचा सराव

हा जूनमध्ये सुरू करून चालत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून मुलाला रोज थोडा वेळ दुसऱ्याकडे ठेवा. आधी घरातच आजीजवळ, तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग तुम्ही बाजारात, अर्धा तास. मग शेजारच्या काकूंकडे तासभर. शेवटी मावशीकडे किंवा आत्याकडे पूर्ण सकाळ.

एकच नियम मोडू नका: मुलाची नजर चुकवून पळायचं नाही. "तो खेळतोय तोवर मी सटकते" हे जवळजवळ प्रत्येक घरात करतात आणि त्याची फळं आम्ही ताया भोगतो. असं सोडून गेलेलं मूल खेळातही दाराकडे डोळे लावून असतं. सांगून निघा, परत कधी येणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा ("तुझा डबा खाऊन झाला की मी येते") आणि त्याच वेळेला या. रडेल. रडू द्या, पण तुम्ही दारात उभं राहून डोळे पुसू नका.

सोबत या गोष्टी स्वतःच्या हाताने जमायला हव्यात:

- डबा आणि बाटलीचं झाकण उघडणं. दुकानात घेतानाच मुलाकडून उघडून बघा. कार्टूनचं चित्र असलेले घट्ट झाकणाचे डबे मोठ्यांनाही उघडत नाहीत.
- चड्डी खाली-वर करणं. बेल्ट, बटणं, जीन्स नकोत, इलास्टिक असलेलंच घाला.
- "ताई, शू आली" हे सांगणं. घरात शू-शीचा वेगळाच खास शब्द असेल तर तो ताईला लिहून द्या.
- चप्पल घालणं, नाक पुसणं, हात धुणं.
- मोबाइलशिवाय जेवणं. बालवाडीत डब्यासमोर कार्टून लावून मिळत नाही. स्क्रीन बघत बघत घास भरवलेली मुलं पहिले काही दिवस अक्षरशः उपाशी घरी जातात. मेमध्ये एक वेळचं जेवण खाली बसून, सगळ्यांसोबत, स्वतःच्या हाताने, सांडत का होईना, होऊ द्या.

गणवेश मोठा घेताना फार मोठा घेऊ नका. दोन वर्षं पुरवायच्या नादात पायात अडकून पडतात.

६. पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात एक-दीड तासच ठेवता येईल का ते ताईशी बोलून घ्या. पूर्ण वेळ हळूहळू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं वाढतं, कारण आता रोजच जायचंय हे मुलाला कळलेलं असतं. त्या दिवशी "आज राहू दे" म्हणून घरी ठेवलंत तर पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काही मुलं अजिबात रडत नाहीत आणि घरी येऊन धिंगाणा घालतात, किंवा सुटलेला अंगठा पुन्हा चोखू लागतात, रात्री अंथरूण ओलं करतात. बहुधा काही आठवड्यांत निवळतं. ओरडू नका, ताईला मात्र कळवा.

सर्दी-खोकला येणारच. दोन वर्षं जे विषाणू भेटले नाहीत ते आता भेटतील, त्यात पाऊसही तेव्हाच सुरू होतो. नुसतं वाहतं नाक असेल तर घाबरू नका. ताप, उलट्या-जुलाब, अंगावर पुरळ, सारखा खोकला असेल तर घरी ठेवा, आणि औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तेव्हाच पाठवा. घरात कोणी कोरोना पॉझिटिव्ह आलं तर लपवू नका. २०२२ च्या नियमाप्रमाणे सौम्य रुग्णाने तपासणीच्या दिवसापासून निदान सात दिवस वेगळं राहायचं होतं, आणि शेवटचे तीन दिवस ताप नसावा लागत होता. तुमच्या एका फोनमुळे बाकीच्या घरातल्या आजी-आबांना सावध राहता येतं. बोट दाखवणारे लोक असतात, आम्हीही ते पाहिलंय. म्हणून सांगताना पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, थेट ताईला सांगा, नाव न घेता कळवायचं काम तिचं.

न्यायला कोण येणार, हे दोनच नावांवर ठेवा आणि फोटो देऊन ठेवा. ऐनवेळी "त्याचा काका येतोय" असा फोन आला तर आम्ही मूल देत नाही, त्याचा राग मानू नका.

७. पुन्हा बंद झालंच तर

होऊ नये, पण २०२२ च्या जानेवारीतही सगळं सुरळीत वाटत असतानाच शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. म्हणून प्रवेश घेतानाच जवळ राहणाऱ्या तीन-चार मुलांच्या आईबाबांचे नंबर घेऊन ठेवा, शक्यतो चालत जाता येईल अशा अंतरावरच्या. वर्ग बंद झाला तरी नियमांत बसत असेल तेवढं, एखाद्या उघड्या अंगणात किंवा गच्चीवर ही चार पोरं सकाळी तासभर एकत्र खेळू शकतात, आळीपाळीने एकेका घरातला मोठा माणूस लक्ष ठेवायला. तीन वर्षांच्या मुलाला ऑनलाइन वर्गात बसवण्यापेक्षा हे कितीतरी पटीने बरं. ताईला आठवड्यातून एकदा साधा फोन करा म्हणावं, मुलाशी दोन मिनिटं बोलायला. त्यासाठी तिचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि तिला फोन कोणत्या वेळेला चालतो तेही विचारून ठेवा.